दिरांनी पाठवलेल्या चिनी गोळ्या घ्याव्यात का?

प्रश्न : माझे वय ३१ आहे. चार वर्षांपूर्वी मला आमवाताचे निदान झाले. डॉक्टर त्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि सोबत फॉलिक ॲसिड घेते. सूज बरीच आटोक्यात आहे, पण सकाळी बोटे आखडलेली असतात आणि पोळ्या लाटताना मनगट दुखते. माझे दीर व्यवसायानिमित्त चीनमध्ये ग्वांगझौ येथे असतात. त्यांनी संधिवातावरच्या गोळ्यांची पाच पाकिटे पाठवली आहेत. पाकिटावरच्या अक्षरांचे मोबाइलवर भाषांतर केले, तेव्हा 'गडगडाटाच्या देवाची वेल' असे काहीतरी आले. सासूबाई म्हणतात, झाडपाल्याचे औषध आहे, त्याने अपाय होत नाही. दीर म्हणतात, चिनी औषधांवर भरपूर संशोधन झाले आहे, तिथल्या एका बाईंना नोबेलही मिळाले. मेथोट्रेक्सेट बंद करून या गोळ्या घ्याव्यात का? शेजारच्या काकू ॲक्युपंक्चर सुचवतात, त्याचा उपयोग होईल का? पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. ता. क. : माझे यजमान कंबरदुखीसाठी महिनाभरापासून याच गोळ्या घेत आहेत आणि त्यांना चांगलाच आराम आहे.

– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, तातडीचे तेवढे आधी सांगते. तुम्ही या गोळ्या सुरू करू नका, मेथोट्रेक्सेट स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि यजमानांच्या गोळ्या आजच थांबवून पाकिटासह त्यांना दोन दिवसांत डॉक्टरांकडे घेऊन जा. ताजा कलम म्हणून तुम्ही जे सहज लिहून टाकले आहे, त्याची मला तुमच्या मूळ प्रश्नाइतकीच काळजी वाटते. त्याकडे शेवटी सविस्तर येते.

तुमच्या दिरांचे म्हणणे खरे आहे. या वेलीवर संशोधन झाले आहे, आणि ते थोडेथोडके नाही. चिनी भाषेत तिला 'लेइगोंगतेंग' म्हणतात आणि वनस्पतिशास्त्रात ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डाय. तिच्या मुळाची साल पूर्ण काढून आतला गाभा औषधासाठी घेतात, कारण साल, पाने आणि फुले यांच्यात विषाचे प्रमाण फार असते. चीनमधले शेतकरी याच मुळांची पूड पिकांवर कीटकनाशक म्हणून वापरत आले आहेत. सासूबाईंना एवढे एक वाक्य वाचून दाखवलेत तरी झाडपाल्याने अपाय होत नाही, ही त्यांची समजूत थोडी सैल होईल.

आता आमवातावरचे प्रयोग पाहू. अमेरिकेत झालेला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास १२१ रुग्णांवर होता. निम्म्या रुग्णांना या वेलीच्या मुळाचा अर्क आणि निम्म्यांना सल्फासॅलेझिन हे प्रस्थापित औषध दिले गेले. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने ठरले होते. २४ आठवड्यांनी अर्क घेणाऱ्यांपैकी ६५ टक्के रुग्णांमध्ये ठरलेल्या मोजमापानुसार सुधारणा दिसली, तर सल्फासॅलेझिन घेणाऱ्यांमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास. हे आकडे प्रभावी आहेत. पण त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही : अर्काच्या गटातले ६२ टक्के आणि दुसऱ्या गटातले ४१ टक्केच लोक शेवटपर्यंत टिकले. इतके लोक मध्येच गळतात, तेव्हा उरलेल्यांच्या आकड्यांवर किती भार टाकायचा, हा प्रश्न कोणत्याही अनुभवी परीक्षकाला पडतो.

दुसरा अभ्यास चीनमधला आहे. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तुमच्या परिस्थितीच्या अधिक जवळचा आहे, कारण त्यात तुलना थेट मेथोट्रेक्सेटशी होती. त्यातल्या २०७ रुग्णांचे तीन गट केले होते. सांध्यांची सूज, दुखणे आणि इतर लक्षणे निम्म्याने कमी होणे ही कसोटी मेथोट्रेक्सेटच्या गटात ४६.४ टक्के रुग्णांनी गाठली, वेलीच्या गटात ५५.१ टक्क्यांनी आणि दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्यांच्या गटात ७६.८ टक्क्यांनी. दिरांच्या हाती हाच निबंध पडला असेल, तर त्यांना पाकिटे पाठवावीशी वाटली यात नवल नाही. तरीही दोन गोष्टी ध्यानात घ्या. आपल्याला काय मिळते आहे हे या अभ्यासात रुग्णांपासून लपवलेले नव्हते, आणि दुखणे किती कमी झाले हे शेवटी रुग्णच सांगतो. शिवाय मेथोट्रेक्सेटची मात्रा सगळ्यांसाठी आठवड्याला १२.५ मिलिग्रॅम अशी बांधून ठेवली होती. प्रत्यक्षात आमवाताचे डॉक्टर गरजेनुसार ती याहून बरीच वाढवतात. म्हणजे या शर्यतीत एका धावपटूचे पाय थोडे आखडून बांधले होते.

या वेलीत गुण आहे, हे मी नि:शंकपणे मान्य करते. तो कुठून येतो, हे कळले की तुमच्यासाठी ती का नको, हेही आपोआप कळेल. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी या वनस्पतीतून ट्रिप्टोलाइड नावाचे संयुग वेगळे केले. ते पेशीत नेमके काय करते, याचा उलगडा २०११ मध्ये झाला. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांवरच्या मजकुराची नक्कल उतरवण्याचे काम सतत चालू असते, कारण त्या नकलेवरूनच प्रथिने तयार होतात. ट्रिप्टोलाइड या यंत्रणेतल्या एका महत्त्वाच्या प्रथिनाला घट्ट चिकटते आणि ते काम थांबवते. आमवातात तुमच्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी सांध्यांवर चालून जातात. त्यांच्याकडची नक्कल थांबली की दाहक रसायने तयार होत नाहीत, सूज उतरते आणि बोटे मोकळी होतात. पण ही कळ फक्त सांध्यातल्या पेशींपुरती नाही. यकृत, आतडे, अस्थिमज्जा, अंडाशय आणि वृषण या सगळ्यांतल्या पेशी त्याच यंत्रणेवर जगतात, आणि ज्या पेशी झपाट्याने वाढतात त्यांना झळ जास्त बसते. गुण आणि दोष इथे एकाच मुळातून आले आहेत. दोष गाळून गुण तेवढा ठेवावा, अशी सोय या गोळीत नाही.

म्हणूनच ही वेल घेणाऱ्या स्त्रियांची मासिक पाळी अनियमित होते किंवा बंद पडते, आणि काहींच्या बाबतीत ती परत सुरूच होत नाही. यकृताला इजा होते, मूत्रपिंडालाही होते. २०१२ मध्ये चीनच्या औषध नियामकांनीच या वेलीच्या औषधांबद्दल इशारा प्रसृत केला. ही औषधे मुलांना, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांना आणि मूल हवे असलेल्या वयातल्या रुग्णांना देऊ नयेत, असे त्यात बजावले आहे. ज्या देशाने हे औषध शतकानुशतके हाताळले, तोच देश तुमच्या वयाच्या आणि तुमच्या इच्छेच्या स्त्रीला ते देऊ नका म्हणतो. माझ्या दृष्टीने तुमचा प्रश्न इथेच सुटतो.

पण समजा, तुमचे वय ५५ असते आणि मुले मोठी झाली असती, तरी या पाकिटांना मी हो म्हटले नसते. कारण ज्यावर संशोधन झाले आणि जे तुमच्या घरी आले, ते एकच आहे असे समजायला काहीही आधार नाही. वर सांगितलेल्या दोन अभ्यासांतही अर्क वेगवेगळे होते. अमेरिकेतल्या अभ्यासात दिवसाला १८० मिलिग्रॅम दिले गेले आणि चीनमधल्या अभ्यासात ६० मिलिग्रॅम. दुसरी मात्रा तिप्पट सौम्य होती, असा याचा अर्थ नव्हे. अर्क काढण्याची पद्धत बदलली की एका मिलिग्रॅममधला ट्रिप्टोलाइडचा अंशही बदलतो. विषारी मात्रा आणि उपचाराची मात्रा यांच्यात जेव्हा बोटभराचेच अंतर असते, तेव्हा अर्क कोणता, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा लागतो.

ओळखीची चूक तर याहून भयंकर ठरते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या एका वजन घटवण्याच्या केंद्रात स्त्रियांना काही चिनी वनौषधी असलेल्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यात 'फांगजी' नावाची एक वनस्पती असायला हवी होती. तिच्या जागी 'ग्वांग फांगजी' ही वेगळ्याच कुळातली वनस्पती आली. नावात एका शब्दाचा फरक, पण दुसरीत ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे खराब झाली, कित्येकींना डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची गरज लागली, आणि पुढे काहींच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला. आपल्याकडची ईश्वरी, जिला काही भागांत सापसंद म्हणतात, ती याच कुळातली आहे आणि तिच्यातही हे आम्ल असते. त्यामुळे हा केवळ चीनचा दोष आहे, असे समजून आपल्या घरातल्या चूर्णांबद्दल कोणी निश्चिंत राहू नये.

भेसळीचे एक उदाहरण मी घरातच पाहिले आहे. माझ्या मावशीने गुडघ्यांसाठी एका ओळखीच्या माणसाकडून 'शुद्ध वनस्पतींच्या' काळपट गोळ्या आणल्या होत्या. आठवड्याभरात ती जिना चढू लागली. तीन महिन्यांत तिचा चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल झाला, साखर वाढली, दंडावर नुसते बोट टेकले तरी काळेनिळे डाग पडू लागले. गोळ्या तपासल्या तेव्हा त्यांत स्टेरॉइड निघाले. गोळ्या एकदम बंद केल्या त्या आठवड्यात मावशी अंथरुणातून उठू शकत नव्हती, कारण बाहेरून स्टेरॉइड मिळत असल्याने तिच्या शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी केले होते. तेव्हापासून वनौषधीच्या गोळीने चार दिवसांत चमत्कार झाला असे कोणी सांगितले, की मला आनंदाआधी शंका येते. तुमच्या यजमानांना 'चांगलाच आराम' आहे हे वाचूनही तेच झाले.

नोबेलबद्दल बोलायलाच हवे, कारण तो दाखला आता प्रत्येक घरात दिला जातो. चिनी शास्त्रज्ञ थू यूयू यांना २०१५ मध्ये ते मिळाले, आणि ते सर्वस्वी योग्य होते. १९६७ च्या २३ मे रोजी चीनने मलेरियावरच्या औषधाचा शोध सुरू केला, म्हणून त्या प्रकल्पाला ५२३ हे नाव पडले. थू यांच्या गटाने जुन्या ग्रंथांतून आणि वैद्यांकडून औषधांच्या दोन हजारांहून अधिक कृती गोळा केल्या आणि सुमारे २०० वनस्पतींचे ३८० अर्क उंदरांवर तपासले. छिंगहाव या दवण्याच्या जातीच्या वनस्पतीने एकदा आशा दाखवली, पण तो निकाल पुन्हा जुळेना. तेव्हा त्या परत जुन्या पोथ्यांकडे वळल्या. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याने लिहिले होते की, मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवावा, पिळावा आणि तो रस प्यावा. भिजवावा असे म्हटले होते, उकळावा असे नाही. काढा करताना उष्णतेने औषधाचा अंश नष्ट होत असावा, हे थू यांच्या त्या ओळीवरून ध्यानात आले. त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला, त्यातला आम्लधर्मी विषारी भाग वेगळा केला, आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधला मलेरिया शंभर टक्के रोखला. पुढे रुग्णांना देण्याआधी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेऊन पाहिला.

मला ही कथा अतिशय प्रिय आहे. जुन्या ग्रंथाचा एवढ्या बारकाईने आणि एवढ्या आदराने अर्थ लावणारे वाचन विज्ञानात विरळा. पण तिच्यातून निघणारा अर्थ दिरांच्या अर्थाहून वेगळा आहे. आज मलेरियावर जे वापरतात ते छिंगहावची पाने नव्हेत. ते त्या वनस्पतीतून वेगळ्या केलेल्या आर्टेमिसिनिन या संयुगापासून तयार केलेले, मिलिग्रॅममध्ये मोजलेले आणि दुसऱ्या औषधाच्या जोडीने दिले जाणारे औषध आहे. त्या पानांचा चहा मलेरियासाठी वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्टपणे सांगते, कारण पानागणिक अंश बदलतो आणि अपुऱ्या मात्रेने रोग तर बरा होत नाहीच, वर जंतू चिवट होतात. सोमलाचेही, म्हणजे आर्सेनिक या विषाचेही, तसेच आहे. चीनमध्ये हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात एका गावठी उपायातून रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर सोमलाचा गुण शोधला. तिथून निघालेले आर्सेनिक ट्रायऑक्साइड आज त्या रोगात जगभर वापरले जाते. ते रुग्णाचे हृदय आणि रक्तातले क्षार सतत तपासत दिले जाते. म्हणून कोणी बाजारातून सोमल आणून खाल्ला, तर त्याला आपण काय म्हणू?

चिनी औषधांवरचे सगळे संशोधन सारखे नसते, हेही सांगायला हवे. १९९८ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी ॲक्युपंक्चरवरचे निबंध देशवार तपासले, तेव्हा चीनमधून आलेला एकूणएक अभ्यास अनुकूल निघाला. कोणतेही खरे शास्त्र दर वेळी यशस्वी होत नाही, त्यामुळे असा निकाल पाहून विश्वास वाढण्याऐवजी कमी होतो. पण अलीकडे चित्र पालटते आहे, आणि ते पाहून मला मनापासून समाधान वाटते. जळू, विंचू, गोम आणि जिनसेंग असलेल्या 'तोंगशिनलुओ' या कॅप्सूलचा हृदयविकाराचा झटका आलेल्या ३,७७७ रुग्णांवरचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध कोणते आणि नकली कॅप्सूल कोणती, हे ना रुग्णांना माहीत होते ना डॉक्टरांना. तीस दिवसांत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अशा गंभीर घटना ५.२ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आल्या. हे औषध नेहमीच्या उपचारांच्या जोडीला दिले होते, त्यांच्या जागी नव्हे. दुसऱ्याच वर्षी मेंदूतील रक्तस्रावावरच्या एका चिनी औषधाचा १,६४८ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काहीच फरक आढळला नाही आणि तेही तितक्याच स्वच्छपणे छापले गेले. मला हा दुसरा निबंध पहिल्याहून मोलाचा वाटतो. नाही म्हणण्याची तयारी असलेल्या संशोधकाच्याच होकाराला किंमत असते.

ॲक्युपंक्चरचे थोडक्यात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून १९३८ मध्ये चीनला गेले, त्यातलेच डॉ. बी. के. बसू पुढे ही विद्या शिकून आले आणि ती भारतात रुजली. तेव्हा आपले तिच्याशी नाते जुने आहे. जर्मनीत १,१६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पारंपरिक बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना आराम पडला, मुद्दाम चुकीच्या जागी उथळ टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्क्यांना. सुईने दुखणे हलके होते, पण ती नेमकी कुठे टोचली याने फारसा फरक पडत नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. तुमचे मनगट तिने थोडे हलके होईलही. सांध्यातले हाड झिजवणारा दाह मात्र तिने थांबत नाही, आणि तुमची खरी लढाई त्याच्याशी आहे. जायचेच असेल तर महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीकडेच जा, तुमच्यासमोर फोडलेल्या एकदाच वापरायच्या सुया आहेत ना ते पाहा, आणि मेथोट्रेक्सेटमुळे तुमची प्रतिकारशक्ती दबलेली आहे हे त्यांना आधी सांगा.

तुमच्या आमवाताच्या डॉक्टरांची पुढची भेट लांबची असेल तर ती अलीकडे घ्या. सकाळी बोटे किती वेळ आखडलेली राहतात, हे घड्याळ लावून आठवडाभर लिहा आणि तो कागद सोबत न्या. 'थोडे दुखते' या शब्दांवरून औषध बदलता येत नाही, 'रोज पाऊण तास' यावरून बदलता येते. बाळाचा विचार त्यांना याच भेटीत सांगा. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, ते गर्भधारणेच्या काही महिने आधी थांबवावे लागते, आणि तोवर पाळणा लांबवण्याचे खात्रीचे साधन वापरणे आवश्यक आहे. त्या काळात चालू शकतील अशी औषधे आहेत. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि सल्फासॅलेझिन गरोदरपणातही दिली जातात. त्यामुळे मेथोट्रेक्सेट सोडायचे म्हणजे उपचारच सोडायचे, अशी भीती बाळगू नका. तुम्ही यातल्या एक-दोन गोळ्याही घेतल्या असतील तर न संकोचता सांगा, म्हणजे ते रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी) या चाचण्या लगेच करून घेतील. मेथोट्रेक्सेटही यकृतावर ताण देते, त्यात ही वेल मिसळली की तो ताण दुणावतो.

आता यजमानांविषयी. १९८० च्या दशकात चिनी डॉक्टरांच्या असे ध्यानात आले की, ही वेल घेणाऱ्या पुरुष रुग्णांच्या शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल झपाट्याने घटते. हा परिणाम इतका ठळक होता की, पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तिच्यावर स्वतंत्र संशोधन सुरू झाले. औषध थांबवल्यावर बहुतेकांमध्ये काही महिन्यांत सुधारणा होते, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण पुढच्या वर्षी बाळ हवे असलेल्या घरात ही गोळी आणखी एक दिवसही नको. त्यांच्या यकृताची आणि मूत्रपिंडाची चाचणी या आठवड्यात करून घ्या, आणि सोबत वीर्यतपासणीही. शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडायला सुमारे तीन महिने लागतात, म्हणून तीच तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करा. गोळ्या थांबवल्यावर त्यांना कमालीचा थकवा, उलट्या किंवा उभे राहताच भोवळ असे काही झाले, तर मावशीची गोष्ट आठवा आणि गोळ्यांत स्टेरॉइड असल्याची शंका डॉक्टरांना त्याच दिवशी बोलून दाखवा. त्यांच्या कंबरेचे मूळ दुखणे महिनाभरात कोणी तपासलेले दिसत नाही, तेही या निमित्ताने होऊ द्या. उरलेली पाकिटे कचऱ्यात टाकू नका. डॉक्टरांनी पाहीपर्यंत ती कपाटात कुलूप लावून ठेवा, आणि दिरांना आजच कळवा की सहावे पाकीट पाठवू नका.